खोली नऊ

हलच्या इस्पितळात, रात्री दहाला,
बंद दाराच्या फटीशी
टिश्यूची पट्टी धरते.
ती आत ओढली जाते, थरथरत.
खोली ठीक आहे.
आत घेते, बाहेर काही सोडत नाही,
माझ्या आत्याबाईंसारखी.
हे मॉरीनला समजावता आलं नाही.

मग मास्क. नाकावरची तार दाबून.
चाचणीच्या दिवशी कडू फवारा मारला होता;
कडू लागलं की कुठेतरी फट.
दुसऱ्या खेपेला काहीच लागलं नाही,
आणि चव न लागण्याचा एवढा आनंद
मला कधी झाला नव्हता.

आत एर्नी ब्लँचर्ड, अठ्ठ्याहत्तर,
चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर.
पहिले चार दिवस एकच: खिडकी उघड.
ही खिडकी उघडत नाही, एर्नी.
पाचव्या दिवशी म्हणाला, दारात कागद कसला धरतेस?
सांगितलं.
हसला. ढास लागली. तोंड भिंतीकडे वळवून
टिश्यूत खोकत राहिला.
मग, "आम्ही बोटीवर बोट ओलं करून बघायचो."

आता मी जाते तेव्हा
त्याने बोट आधीच वर धरलेलं असतं.
"वारा आतच येतोय," म्हणतो.
"ये. दार लाव."