मधली प्लेट

अंजिराखाली बारा वर्षं उभी होती अमांद्यूची गोल्फ.
चाकं मातीत बुडालेली,
काचेच्या कोपऱ्यात फ्रेंच विम्याचं विटलेलं तिकीट.
कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या
आणि तो म्हणायचा, असू दे,
चालू होईल ती अजून.

दर ऑगस्टात क्लेरमाँहून ब्रागांसा,
बाराशे किलोमीटर, एकोणीस वर्षं.
टपावर शिवणयंत्र, सायकली,
एकदा तर अख्खा बाथटब, दोरीनं आवळलेला.
माझी गाडी तिच्या पासंगालाही पुरायची नाही:
सुझुकी, पेट्रोलची, शेळीएवढी,
चढणारीही शेळीसारखीच.
गेल्या डिसेंबरात नदीकडच्या चढावर
तिचं हेड फुटलं,
मागे ट्रॉलीत ओली लाकडं.

त्या रात्री अमांद्यू दारात आला. टोपी काढली नाही.
म्हणाला, माझं घे.
आम्ही भाऊ नऊ वर्षं बोलत नव्हतो,
पाण्याच्या पाळीवरून.

इंजिन निघालं दोन तासांत,
साखळी चेस्टनटच्या फांदीला.
खरं काम पुढे.
जर्मन इंजिनाची भोकं एका गावची,
जपानी गिअरबॉक्सची भलत्याच,
एकही बोल्ट दुसऱ्याला ओळख देईना.
मध्ये एक प्लेट लागते,
अॅल्युमिनियमची, बोटभर जाड,
जी दोघांपैकी कुणाचीच नसते
आणि दोन्हीकडून भोकं पाडून घेते.
मिरांदेलाच्या लेथवाल्या व्हिरियातूनं ती दोनदा चुकवली.
तिसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत.

अमांद्यू बत्ती धरायचा.
हात थरथरायचा, म्हणून उजेडही.
तेराचा पाना मागितला की आधी फ्रेंचमध्ये पुटपुटायचा,
मग द्यायचा, बहुतेक चौदाचा.
चेंबर पुढच्या एक्सलवर बसलं:
कापलं, पाचर काढली, पुन्हा वेल्ड मारलं.
क्लचची चकती एकाची, झाकण दुसऱ्याचं.
टाकी तीनदा धुतली,
आणि टाकीकडे परतणारी एक जादा नळी ओढली,
कारण पंप देईल तेवढं सगळं डिझेल इंजिन पीत नाही,
उरलेलं मागे पाठवतं.
मनीऑर्डरसारखं, अमांद्यू म्हणाला.
नऊ वर्षांतला त्याचा पहिला विनोद.
मी हसलो नाही. पाना बदलला.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, दव गोठलेलं असताना
किल्ली अर्धी फिरवली.
पिवळं वेटोळं पेटलं.
दहा आकडे थांबावं लागतं.
थांबलो.
मग खोकलं, काळा लोट सुटला, कोंबड्या पांगल्या,
आणि लागलं एकदाचं.
तोच आवाज, जो ऑगस्टातल्या रात्री
खालच्या वळणावर ऐकू आला
की आई विझलेल्या चुलीत पुन्हा काटक्या सारायची.

अमांद्यूनं बॉनेटवर कान टेकला.
तिसरा इंजेक्टर ठोकतोय, म्हणाला.
बोर्दोपासून ठोकतोय.
अठ्ठ्याऐंशी सालापासून.

आता नाक जरा खाली बसलंय, इंजिन जड.
आरपीएमचा काटा शून्यावरच,
त्याला डिझेलची भाषा कळत नाही.
आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये डोंगर चढत असतो
आणि तो शपथेवर सांगत असतो, इंजिन बंद आहे.
कागदांवरही अजून पेट्रोलच.
तपासणी मार्चमध्ये. तेव्हाचं तेव्हा.
पंपावरचा पोरगा सवयीनं हिरवी नळी उचलतो
आणि आम्ही दोघं एकदम ओरडतो.

चार लाख किलोमीटर झालेलं इंजिन
आता दिवसाला आठच चालतं,
वरच्या कुरणापर्यंत आणि परत.
काल गेलो होतो, पाट सोडायला;
हिवाळ्यात पाणी फिरतं ठेवलं
की गवत गारठून मरत नाही.
पाळी माझी होती.
गाडी त्यानं चालवली.