अधिक-उणे एक

चोपड्याला, कॉलेजच्या मागच्या अंगाला,
खिडक्यांना काळा पुठ्ठा ठोकलेली एक खोली आहे.
दारावर पाटी : प्रकाशशास्त्र. आत अंधार.
बाहेर मार्चातच एकेचाळीस, आत पंखा बंद,
कारण पंख्याने केस हलतो.

मी इथला लॅब असिस्टंट, फेगडे.
सर शिकवतात, मी स्क्रू आवळतो.

आज रुमली पावराची पाळी.
सातपुड्याच्या पायथ्याकडून पहाटेच्या एस्टीने येते,
बोलते कमी, खोडते जास्त.
"एक केस आणा" असं सांगितलं होतं.
तिने वहीत दोन आणले, चिकटपट्टीने लावून,
एक स्वतःचा, एक आईचा,
खाली नावं लिहिलेली, अदलाबदल नको म्हणून.

लेसर लावला.
समोरच्या भिंतीवर कुंकवाएवढा ठिपका,
मधल्या दोन मीटरात काहीच नाही.
उजेड असा शेजारून जातो आणि ओळख देत नाही.
मग मी डस्टर झटकलं.
खडूच्या धुळीत लाल रेघ उभी राहिली,
गवंड्याने सुतळी ताणावी तशी,
आणि धूळ बसली तशी गेली.

वाटेत रुमलीचा केस धरला.
ठिपका फुटला, आडवा पसरला,
लाल, काळं, लाल, काळं,
पार भिंतीच्या पोपड्यापर्यंत.
तिने कागद लावून फटी टिपल्या.
फटीपासून फटीपर्यंत दोन सेंटिमीटर.
मग आईचा.
अडीच.

"आईचा जाड आहे," ती म्हणाली,
आणि कुठेतरी तिला बरं वाटलेलं दिसलं.

इथे दरवर्षी सगळे फसतात.
सर खाली चहाला गेलेले, म्हणून मीच सांगितलं,
माझ्या भाषेत, जी तिची नाही पण तिला कळते :
"उलटं शे पोरी. जितलं बारीक, तितलं पसरस."
ती भिंतीकडे बघत राहिली.
मग कॅल्क्युलेटर.
तिचा पासष्ट मायक्रॉन, आईचा बावन्न.
"आधी इतका नसेल," एवढंच बोलली.
कशाच्या आधी, ते मी विचारलं नाही.
ते सूत्रात येत नाही.

माझा बाप जिनिंगात कापूस पारखायचा.
चिमूट ओढायचा, अंगठ्यावर पसरायचा,
आणि धाग्याची लांबी सांगायचा, पट्टी न लावता.
मागच्या दिवाळीत, सुट्टीत, कुलूप उघडून
मी कापसाचा एक तंतू लेसरसमोर धरला होता.
भिंतीवर नुसता गोंधळ. रांग लागेना, फटी सापडेनात.
घरी सांगितलं तर म्हातारा हसला.
"पिळेल रहास तो. सरळ असता
ते सूत कसानं निंघतं?"

रुमलीने उत्तर चौकटीत लिहिलं :
बावन्न, अधिक-उणे एक.
पेन थांबलं.
"हा एक कुणाचा?"
"पेन्सिलचा. टोक बोथट होतं."
"मग टोक करून परत घेऊ."
घेतलं.
आता एक्कावन्न.
अधिक-उणे अर्धा.

तास संपला. पुठ्ठा सरकवला, ऊन आत आलं,
भिंतीवरचं सगळं पुसलं गेलं एका दमात.
कागद सुटायचे, म्हणून काही पोरांनी थेट भिंतीवरच टिपलंय.
सव्वीस वर्षांच्या बारीक शिसाच्या रेघा,
कुणाच्या कुणाच्या केसांच्या.
उन्हाळ्यात रंगारी येणार आहे.
त्याला मी सांगून ठेवलंय, एवढा हातभर तुकडा सोड.
विचारेल तो, काय आहे इथे?

रुमलीने जाताना दोन्ही केस सोडवले.
स्वतःचा कचऱ्यात टाकला.
दुसरा परत वहीत.