घराचा बिल्ला

ट्रुरोच्या इस्पितळात माझ्या छातीवर एक बिल्ला असतो.
एक्स-रेच्या खोलीत मी किती किरणं खाल्ली
ते तो निमूट टिपून ठेवतो, दर महिन्याला कुणीतरी वाचतं,
आणि संध्याकाळी मी तो खुंटीला अडकवून
निर्धास्त घरी येते, रेडरूथला.

घरी कसली मोजदाद.

घर ग्रॅनाइटवर उभं आहे. देखणा दगड,
भिजला की आतला अभ्रक चमकतो.
मी काळ्या पाषाणाच्या मुलखातली;
आमचा दगड तापतो, तडकतो,
पण असा रात्रंदिवस उसासत नाही.

दोन काळ्या डब्या तीन महिने घरात बसून होत्या,
एक पलंगाशी, एक टीव्हीमागे,
चहासुद्धा न मागणाऱ्या पाहुण्यांसारख्या.
मग पत्र आलं: सहाशे चाळीस.
दोनशेच्या वर गेलं की काहीतरी करा, म्हणतात.
शिरीष म्हणाला, 'वास येतो? रंग दिसतो? मग?'

पहिला माणूस फोनवरच किंमत सांगून मोकळा झाला.
'एक पाइप, एक पंखा. शनिवारी उरकतो.
रोख दिलेत तर व्हॅट विसरू.'
फरशीखाली काय आहे ते न बघताच?
आणि नंतर पुन्हा मोजणार कोण?
तो हसला. 'पंखा फिरताना दिसेलच की, बाई.'
शिरीषला तो आवडला.

दुसरा डेन्झिल पॅस्को.
बूट दाराबाहेर काढले,
ओळखपत्र न मागता टेबलावर ठेवलं
आणि चहा निवायच्या आत गुडघ्यांवर.
फरशीला पेन्सिलीएवढी चार भोकं पाडली.
एकातून यंत्रानं हवा ओढली,
लांबच्या दुसऱ्यापाशी धुराची कांडी धरली:
धूर थबकला, वाकला,
आणि कुणी हाक मारल्यासारखा खाली गेला.

मला आमचा पाणाड्या आठवला,
तळहातावर आडवा नारळ घेऊन परसात फिरणारा.
नारळ उभा राहिला की म्हणे खाली पाणी.
वडिलांचा विश्वास नव्हता, तरी पैसे द्यायचे.
विहीर कोरडी लागली तेव्हा तो
कधीच पुढच्या गावी पोचला होता.

डेन्झिल वहीत आकडे लिहीत होता.
'धूर वळला नसता तर?'
'तर दुसरीकडे. कधी दोन खड्डे लागतात.
कधी मी सरळ सांगतो, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.'
त्याचा आजा कथिलाच्या खाणीत होता.
तिथे कुणाच्या छातीवर बिल्ला नव्हता,
एवढंच म्हणाला, आणि ड्रिल सुरू केलं.

जिन्याखाली बादलीएवढा खड्डा.
काँक्रीट, खडी, मग लालसर माती.
मी वाकून पाहिलं. गार हवा गालाला लागली,
इतकी मऊ, की तिच्यावर राग धरावा तरी कसा.

पाइप भिंतीतून बाहेर, वळचणीच्या वर.
धूळ त्यानंच पुसली.
'शेवटचा हप्ता आत्ता नको,' म्हणाला.
'पुन्हा डब्या ठेवा. आकडा उतरला तर द्या.
नाही उतरला तर मी परत येईन, बिल नाही येणार.'
शिरीषनं तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

कुंपणापलीकडून मिसेस रोझवेअरनी विचारलं,
हा पाइप कसला?
म्हटलं, घर उसासे टाकतं, ते छपरावरून टाकावेत म्हणून.
त्या हसल्या. दोन दिवसांनी
डब्या कुठे मिळतात ते विचारायला आल्या.

पत्र आलं. एकाहत्तर.
शून्य नाही. शून्य कधीच नसतं,
तेवढं बिल्ल्यानं मला शिकवलंय.
पैसे त्याच दुपारी पाठवले.

आता रात्रभर पंखा गुरगुरतो.
शिरीष कुरकुरतो, झोप लागणार नाही म्हणतो,
आणि पाच मिनिटांत उताणा, तोंड उघडं.
मी त्याचे श्वास मोजत पडते.
हा आकडा
कुणालाही कळवायचा नसतो.