झाकणभर पाणी

कारूच्या माळावर जन्मभर मी पवनपंप दुरुस्त केले.
जमिनीतलं पाणी वर कसं आणायचं ते मला ठाऊक होतं;
वर आलेल्या पाण्याशी कसं वागायचं
ते साठी उलटल्यावर शिकलो,
एका झाकणापाशी.

मोठ्या पातेल्याचं झाकण, निळ्या मुलाम्याचे टवके उडालेलं.
बाभळीखाली उलटं ठेवलं.
खोल नको, बोटाची दोन पेरं बुडतील एवढंच.
मध्ये एक खडबडीत दगड, मधमाश्यांना पाय टेकायला,
नाहीतर त्या बुडतात
आणि सकाळी आपल्यालाच खुनी असल्यासारखं वाटतं.
वर फांदीला बाटली, तिच्या बुडाला सुईचं भोक.
टप्.
टप्.
पाखरांना पाणी दिसण्याआधी ऐकू यावं लागतं.

नऊ दिवस कुणी फिरकलं नाही.
दहाव्या दिवशी एक होला आला,
पाण्याला तोंडही न लावता
माझ्याकडे बघून गेला.

मग सुगरण पक्षी आले, आपसात भांडत.
चष्मेवाले आले सात, शाळेच्या सहलीसारखे,
एकाने पंख भिजवले की सगळ्यांनी भिजवायचे.
मुंगूस आलं, दोनदा मागे वळून बघत.
कासवाला मात्र झाकणाची कड चढवेना.
म्हणून झाकण जमिनीत पुरलं, कडेपर्यंत,
तर त्या दिवसापासून कासवच येईना.

लेकीने, शार्नेलने, केपटाउनहून जुना कॅमेरा धाडला.
मी पोटावर झोपून फोटो काढतो.
उभ्याने काढला की पाखरू खेळण्यातलं दिसतं;
हनुवटी मातीला टेकली
की तेच डोळ्यात डोळा घालून विचारतं,
तू इथे कशाला?

शेजारची माग्रीएता म्हणायची,
"नळाला दिवसाआड दोन तास पाणी,
आणि हा चिमण्यांना आंघोळी घालतोय!"
म्हणायची आपल्या कुत्र्याला,
पण कुंपणाअलीकडे ऐकू येईल अशा बेताने.
पाच वर्षं आम्ही कुत्र्यामार्फतच बोलतोय.

फेब्रुवारीत, आमच्या ऐन उन्हाळ्यात,
माझा खुबा बदलायचा ठरला.
बोफोर्ट वेस्टच्या इस्पितळात अकरा दिवस
छताकडे बघत पडलो,
आणि छतावर झाकण आटत गेलं,
आधी कडेचं पाणी, मग दगडाभोवतीचं,
मग नुसता पांढरा खार.

घरी आलो, वॉकर टेकत थेट बाभळीकडे.
झाकण भरलेलं.
दगड ओला.

हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारी एक डबी
मी खुंटाला बांधून ठेवली होती.
त्यात चारशे बारा फोटो.
होला, होला, सुगरण, वाऱ्याने हललेलं गवत, होला,
आणि पहाटे पाच दहाला
दोन सपाता.
डावीतून अंगठा बाहेर आलेला.
झोपायच्या झग्याची उसवलेली किनार,
आणि वाकलेली किटली.
चेहरा नाही;
डबी मी कासवाच्या उंचीवर बांधली होती ना.

अकराच्या अकरा पहाटा.
सातव्या पहाटेच्या फोटोत सपातेला खेटून कासव,
मान लांबवून पाणी पिणारं,
मला चार वर्षांत एकदाही न दिसलेलं.
आणि सपाता
जराही न हललेल्या.

माझ्या वहीत प्रत्येक पाहुण्याची नोंद असते.
लिहिलं :
वेळ पहाटेची. स्वभाव लाजाळू.
एकटी येते (कुत्रा धरला नाही).
जात : लिहिली नाही.

तिला काही बोललो नाही.
आलेल्याला हाक मारली तर तो पुन्हा येत नाही,
एवढं या नादात कळलंय.
फक्त बसल्या बसल्या, खुरप्याने, तीन दिवस लावून
झाकण उकरलं
आणि वीतभर कुंपणाकडे सरकवलं.

कुंपणापलीकडे ती कुत्र्याला म्हणाली,
"म्हणावं खुबा सांभाळ.
खड्डे कसले खणतोय!"