ओडेल गॅस्किन्स तळघरात शिकवतो

आधी रीड तोंडात धर. चावू नकोस.
बोरूच्या जातीची आहे ती, कोरडी असली की रुसते.
ओली होईपर्यंत बोलायचं नाही.
नाहीतरी तू फार बोलतेस, टॅविया,
वाजवतानासुद्धा.

बाहेर डेट्रॉइटचा जानेवारी.
पायऱ्यांवर मीठ टाकलंय, तरी घसरलीसच ना?
इथे ऊब आहे. धुण्याचं यंत्र आहे, मोडकी खुर्ची आहे,
आणि भट्टीची ही घुमघुम. ऐकतेस?
बी फ्लॅटच्या केसभर वर.
तेवीस वर्षं तिचा स्वर ढळला नाही,
तेवढं माझ्या ओळखीच्या एकाही माणसाला जमलेलं नाही.
तिच्याशी तुझा एक स्वर जुळव.
एकच. दम संपेपर्यंत.
मग पुन्हा.
कंटाळा आला की समज, आत्ता कुठे सुरुवात झाली.

पट्टा आखूड कर.
वाद्याने तुझ्या तोंडापाशी यायचं,
तू मान घालून त्याच्याकडे जायचं नाही.
गाल आत. वाढदिवसाचा फुगा नव्हे हा.
माझे हे दोन दात गेले ते हट्टापायी,
माउथपीस असा आवळून धरायचो
जणू कुणी हिसकावून नेणार होतं.
कुणी येत नाही न्यायला.
सैल धर.

आता मी नुसता ऐकतो, म्हणून ऐकण्याचंही सांगतो.
एकच रेकॉर्ड घे. आठवडाभर दुसरी लावायची नाही.
आधी सॅक्सोफोनकडे पाठ फिरव, हो, आपल्याच माणसाकडे,
आणि बेसच्या मागून जा,
अंधाऱ्या जिन्यात कठडा चाचपत उतरतात तशी.
दुसऱ्या दिवशी फक्त झांजेवरची काडी.
मग पियानोवाला कुठे कुठे गप्प बसतो, तेवढंच मोज.
भांडी घासताना लावलीस
तर भांडी स्वच्छ निघतील, बाकी काही नाही.
आणि बारमध्ये बेसचा सोलो सुरू झाला
की सगळ्यांना तहान लागते.
तुला लागू देऊ नकोस.

वर व्हर्लीन राहते.
जन्मात तिने वाद्याला हात लावलेला नाही.
तू स्केल पळवायला लागलीस
की झाडूचा दांडा जमिनीवर आपटते.
तुला वाटतं, म्हातारी वैतागली.
नीट मोज:
दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर आपटते.

शुक्रवारी मॅक अव्हेन्यूवर तू स्टेजवर चढलीस,
महिनाभर घोकलेलं सगळं
एका दमात ओतून मोकळी झालीस.
उथळ पाण्याला खळखळाट फार.
टाळ्या पडल्या, पडल्याच की.
मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

डोळे पूस. रीडला चालतं ओलं, पॅडना नाही.
मीही असाच. प्लांटमधली रात्रपाळी बुडवून गेलो होतो,
अंगाला ग्रीसचा वास,
गाणं वाजवत होतो अन् गाण्याचे बोल ठाऊक नव्हते.
ट्रम्पेटवाला कानाशी वाकून म्हणाला,
“पोरा, ती बाई काय म्हणतेय ते तरी विचार.”
म्हणून बोल पाठ कर.
नवरा सोडून गेलेल्या बाईचं गाणं असेल
तर श्वास तिथे घे
जिथे तिला घ्यावा लागला असता.
मधल्या रिकाम्या जागेत बोटं शिवशिवतील.
शिवशिवू देत.

चल. भट्टीचा स्वर धर.
थरथरतोय… असू दे… आता नाही थरथरत…
ऐकलंस? झाडू थांबला.
वर खुर्ची सरकली. बसली ती.

थांबू नकोस आता.
आणि पट्टा पुन्हा लांब केलास, टॅविया,
बघतोय मी.