दोनशे सात केल्विन

उपग्रहाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं.
त्याच्या लेखी अजून दुपार असते,
तेव्हा विश्रामबागेत दाराला कडी घालून
मी गेल्या वैशाखातले ढग उघडते.

दर अर्ध्या तासाला एक चित्र.
सव्वाचारला जतवर ठिपका, मेथीच्या दाण्याएवढा.
पावणेपाचला तीन.
पावणेसातपर्यंत सगळे एकमेकांत मिसळून
अथणीपासून विट्यापर्यंत एकच लाल थारोळं,
आणि कृष्णा त्याखाली,
मी आखलेली निळी रेघ म्हणून.

चित्राला दिसतो फक्त माथा.
दोनशे सात केल्विन, म्हणजे शून्याखाली सहासष्ट,
खाली ढालगावात पत्र्याला हात लागत नसताना.

मग मुलाणीमामांची वही.
पर्जन्यमापकाशेजारी वीस वर्षं उभं राहिलेलं अक्षर.
त्या तारखेला ०.०
आणि रकाना नव्हता म्हणून समासात:
लई गडगाडलं. वास आला. पडला न्हाई.

कुंभोजकर सर म्हणतात, आउटलायर आहे, काढून टाक.

चार किलोमीटरचा एक चौकोन, त्यात आमची गल्ली.
त्या रात्री मीही होते की त्याच्यात.
ढग आठवत नाही.
आठवतं ते, लाइट गेली म्हणून
महावितरणला लावलेला फोन,
एंगेज, एंगेज,
आणि खिडकीत एकदम पांढरी झालेली
शेजाऱ्यांची पाण्याची टाकी.

ओळ मी काढत नाही.
शून्य तसंच ठेवते,
आणि तक्त्याला एक रकाना वाढवते.
त्याला नाव अजून सुचलेलं नाही.