डाख

फोंड्याला जुन्या बसस्टँडामागं माझं दुकान.
मिक्सर, पंखे, चवथीच्या माळा,
एखादा भिजलेला पंप.
डॉक्टरांचा माणूस एक पेटी ठेवून गेला.
करडी, शिवणयंत्राच्या झाकणाएवढी,
एक काटा, एक खटका शून्य ते दहा,
दोन वायरी, टोकांना बोटांत घालायच्या पट्ट्या.
करंट कमी पडतो, म्हणाला.

उघडली. आत एक सांधा सुटलेला.
डाख दिला.
तपासायला माझीच बोटं घातली पट्ट्यांत.
चारवर मुंग्या. सहावर दात आवळले.
सातवर हात आपोआप मागं आला
आणि मी हसलो, दुरुस्ती जमली म्हणून.
दीडशे रुपये. पावती नको, म्हणाला.

नऊ वर्षांत तीनदा आली ती पेटी.
कशाला, ते विचारलं नाही.
सुतार विचारतो का,
खाटेवर कोण निजणार?

आता मडगावहून वकीलबाई आल्यात,
आरोलिना फुर्ताद, चष्मा कपाळावर.
स्टुलावर बसून सावकाश विचारतात,
सातवर नेमकं काय होतं.
कारण डॉक्टर म्हणतात, नुसती झिणझिणी, भल्यासाठी.
कारण संमतीच्या रकान्यात बापाची सही,
मुलगा सतरा वर्षं दोन महिन्यांचा,
आणि बिलावर लिहिलंय: नसांचा अशक्तपणा.

एक कागद दाखवला त्यांनी, डॉक्टरांच्याही वरच्या कचेरीचा.
असलं काही करणं म्हणजे गैरवर्तन.
मी विचारलं, गुन्हा?
बाई पेनचं टोपण लावत राहिल्या, काढत राहिल्या.
मारलं तर कलम आहे, म्हणाल्या.
कोंडलं तर आहे.
बरं करतो म्हणून केलं
तर शोधावं लागतं.

मुलाला मी ओळखतो.
दत्तेश, शिरोड्याच्या प्रियोळकरांचा.
आईनं आधी देवीला पाकळ्या लावल्या होत्या,
उजवी पडली तर औषध, डावी पडली तर राहू दे.
तास दीड तास बसली हात जोडून.
एकही पडली नाही.
बाप म्हणाला, म्हणजे देवीची हरकत नाही.

यंदा चवथीआधी आला होता मिक्सर घेऊन,
सोबत एक उंच पोरगा, काणकोणचा,
कुठल्याशा हॉटेलात कूक.
खोबरं वाटताना धूर येतो, म्हणाले. दोघंही एकदम.
जार उचलताना त्या पोराचा हात
दत्तेशच्या मनगटाला लागला,
आणि दत्तेशचा हात मागं आला.
आपोआप.
ती हालचाल मला ठाऊक होती.

पोरानं काही म्हटलं नाही.
हात तिथंच ठेवला काउंटरवर, उताणा,
स्क्रू, वायरींचे तुकडे, जळका ब्रश
यांच्यामध्ये.
बराच वेळ.
मग दत्तेशनं आपला त्यावर ठेवला, आधी दोन बोटं.
मी मिक्सर चालू केला, रिकामाच,
नुसता आवाज व्हावा म्हणून.

लहानपणी काविळीत मला डागलं होतं, मनगटावर,
तापलेल्या सळईनं.
काका पाय धरून बसलेला, रडत होता तोही.
कावीळ तशीही गेली असती.
डाग आहे.

बायको म्हणते, कोर्टाच्या पायऱ्या कशाला?
तू काय खटका फिरवलास?
तू तर नुसता डाख दिलास.
दुपारी जेवण गेलं नाही.
डॉक्टरांनी माझ्या आईचा दमा बरा केला होता, फुकट.
तेही खरं आहे, तेही सांगणार आहे.

बाईंनी कागद पुढं ओढला.
नाव. वय. व्यवसाय.
सातवर काय होतं, ते सांगितलं. त्यांनी लिहिलं.
आणखी काही?
हो, म्हटलं. लिहा,
ती पेटी तीनदा
आपणहून बंद पडली होती.